अंग चोरणं आणि अंग जपणं

माझ्या क्लिनिकच्या मागच्या खोलीत एक निळा प्लॅस्टिकचा क्रेट आहे. भाजी मंडईत असतो तसलाच. फक्त त्याला दोन्ही बाजूंनी लाकडी मुठी आहेत, त्या मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारागिराकडून बसवून घेतल्या. क्रेटमध्ये ठेवायला पिशव्या आहेत, जुन्या जीन्सच्या कापडाच्या, दुहेरी शिवणीच्या. काहींत वाळू, काहींत लोखंडी छरे, काहींत वाळू कमी आणि भुसा जास्त. म्हणजे दिसायला फुगलेली पिशवी हलकी असू शकते आणि मुठीएवढी पिशवी हाताला ओढ देणारी. प्रत्येक पिशवीवर एक अक्षर रंगवलेलं होतं. कुठल्या अक्षरात किती किलो, हे फक्त माझ्या वहीत.

उचलणाऱ्याला वजन कळू नये, एवढ्यासाठीच ही सगळी खटपट केली होती. या क्रेटमुळे एका माणसाचं माझ्या हातून नुकसान झालं. ते मला लिहायचं आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, राजारामपुरीत एकोणीस वर्षं झाली. कोल्हापुरात हा व्यवसाय करायचा म्हणजे गुडघे आणि मानदुखी आहेच, पण त्याबरोबर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले कामगारही येतात. फाउंड्रीतले, मशीन शॉपमधले, साखर कारखान्यातले. मार्केट यार्डातले हमाल येतात, ज्यांनी गुळाचे तीस किलोचे रवे दिवसभर पाठीवर आणि खांद्यावर वाहिलेले असतात. यांच्या पाठीला मार लागला, चमक भरली, चकती सरकली, की काही महिन्यांनी एक प्रश्न उभा राहतो: हा माणूस आता किती उचलू शकतो? कारखान्याला विचारायचं असतं, विमा कंपनीला विचारायचं असतं, वकिलाला विचारायचं असतं. आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, तो कधी कागदावर येतो, कधी फोनवर आवाज खाली करून विचारला जातो. "मॅडम, तो खरंच उचलत नाही, का उचलायचं नाही म्हणून उचलत नाही?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर देणारी चाचणी म्हणजे कार्यक्षमतेची तपासणी. फरशीवरून कमरेपर्यंत, कमरेपासून खांद्यापर्यंत, थोडं थोडं वजन वाढवत उचलायला लावायचं. छातीला नाडीचा पट्टा. वयानुसार जी कमाल नाडी धरतात तिच्या ८५ टक्क्यांवर गेली की थांबवायचं. उचलण्याची ढब बिघडली, तोल जायला लागला, की थांबवायचं. आणि माणूस स्वतः बस म्हणाला, तरी थांबवायचं. शेवटच्या या कारणानं थांबलं, की दुसरा प्रश्न जिवंत होतो.

पूर्ण जोर लावल्यावर शरीर कसं दिसतं हे ओळखायला शिकवतात, आणि ते खरंच ओळखता येतं. हलकं वजन उचलताना माणूस नुसता हातानं आणि पाठीनं उचलतो. वजन वाढलं की पाय आपोआप लांब होतात. क्रेट पोटाशी ओढला जातो. खांदे कानाकडे चढतात, मानेची शीर उठते, आतापर्यंत गप्प असलेले स्नायू मदतीला धावतात. वेग कमी होतो. अंगठ्याची नखं पांढरी पडतात, ती मी नेहमी बघते. नाडी चढते. यातलं काहीच न होता कुणी क्रेट खाली ठेवला आणि म्हणाला "झालं, एवढंच", तर त्यानं पूर्ण जोर लावलेला नाही एवढं नक्की म्हणता येतं.

हे मला कॉलेजात जाण्याआधीच माहीत होतं. माझे आजोबा तालमीत वस्ताद होते. आमच्या गावात कुस्ती बघायला बसलेला चहावाला पोरगासुद्धा नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून खेळलेली खोटी कुस्ती, ओळखतो. खासबाग मैदानात पंधरा हजार माणूस बसलेलं असू दे, दोन मिनिटांत कुजबुज सुरू होते, "नुरा हाय, नुरा हाय." कशावरून? पकड घातली आहे, पण दंडात पीळ नाही. डाव टाकला आहे, पण समोरच्याचा पाय आधीच हलला आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली ते मैदान बांधलं तेव्हापासून या शहराचा डोळा तयार झाला आहे. आजोबा तर आखाड्याच्या कडेला बसून, पाठमोऱ्या पोराकडं बघून सांगायचे, याचा जोर पुरा नाही. मग ते त्या पोराला जवळ बोलवायचे आणि एकच विचारायचे, "चोरतोयस का जपतोयस?"

अंग चोरणारा पोरगा आणि अंग जपणारा पोरगा त्यांच्या लेखी वेगळे होते. चोरणाऱ्याला जोर-बैठका वाढवून मिळायच्या. जपणाऱ्याचा खांदा, गुडघा ते दाबून बघायचे, तेल लावायचे, दोन दिवस लाल मातीत नुसतं लोळायला सांगायचे. बाहेरून दोघंही सारखेच दिसतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते विचारायचे. मी पदवी घेतली, यंत्रं घेतली, आणि हा प्रश्न विचारायचं सोडून दिलं.

यंत्रांबद्दल थोडं सांगते, कारण तिथंच माणसं फसतात. हाताची पकड मोजायचं एक उपकरण असतं, जामर डायनॅमोमीटर. त्याची मूठ पाच ठिकाणी अडकवता येते, अगदी अरुंद ते अगदी रुंद. पूर्ण जोर लावला तर बहुतेकांची पकड दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी सगळ्यात जास्त येते, दोन्ही टोकांना कमी. कागदावर काढलं तर रेघ मधे चढून पुन्हा उतरते. जोर न लावणाऱ्याची रेघ सपाट येते, असं म्हणतात. पण हात खरोखर कमजोर झाला असेल तरी ती रेघ सपाट होते. दुसरी पद्धत म्हणजे एकाच जागी तीन वेळा दाबायला लावून आकड्यांतला फरक बघायचा. समजा १८, २४ आणि १५ किलो आले. सरासरी १९, आणि आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं प्रमाण संख्याशास्त्राच्या रीतीनं काढलं तर सुमारे २४ टक्के. पंधरा टक्क्यांच्या वर गेलं की "प्रयत्न अस्थिर" असं लिहायची पद्धत पडली आहे. पण कळ एकदा येते, एकदा येत नाही, तेव्हा आकडे हलणारच. उलट ठरवून निम्माच जोर लावणारा माणूस तिन्ही वेळा जवळपास तेवढाच निम्मा जोर लावू शकतो. त्याचे आकडे सुरेख जुळतात.

आणि वॅडेल. ग्लासगोचे हाडांचे सर्जन गॉर्डन वॅडेल यांनी १९८० साली कंबरदुखीच्या तपासणीतल्या पाच प्रकारच्या खुणा मांडल्या. डोक्यावर हलकंसं दाबलं तर कंबर दुखायला नको, तरी दुखली. खांदे आणि कंबर एकदमच फिरवली तर कण्याला पीळ पडत नाही, तरी कळ आली. झोपवून पाय उचलला तर ओरडला, पण बोलता बोलता बसलेल्या अवस्थेत तोच पाय सरळ केला तर काही नाही. पाचांपैकी तीन किंवा जास्त सापडल्या की त्यांना महत्त्व द्यायचं. जगभर लोकांनी याचा अर्थ "सोंग" असा लावला. खुद्द वॅडेल यांनी १९९८ मध्ये ख्रिस मेन या मानसशास्त्रज्ञाबरोबर पुन्हा लेख लिहून सांगितलं, की या खुणा म्हणजे ढोंग पकडायची कसोटी नव्हे, माणूस त्रासात आहे, घाबरलेला आहे, नीट चौकशी करा असं त्या सांगतात. हा दुसरा लेख फार कमी जणांनी वाचला आहे. मीही तो उशिरा वाचला.

आता तो माणूस.

आठ वर्षं झाली. चाळिशीच्या आतबाहेरचा, हातकणंगले तालुक्यातला, एका फाउंड्रीत फेटलिंगला. फेटलिंग म्हणजे ओतून निघालेल्या पीसचे जादा तुकडे, कडा, धारा ग्राइंडरनं काढून टाकायचं काम. पीस ट्रॉलीतून उचल, टेबलावर ठेव, घास, उलटा, घास, पलीकडं ठेव. आठ तास. पीस उचलताना कंबर धरली. आधी उसण भरली म्हणून घरी शेकलं, नंतर पायात मुंग्या यायला लागल्या, मग एमआरआय, मग चार महिने घरी. मग त्याला माझ्याकडं पाठवलं गेलं, कारखान्याच्या बाजूनं. पाठवणाऱ्याचं म्हणणं साधं होतं: किती उचलतो आणि खरं उचलतो का, तेवढं लिहून द्या.

तो आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बायको बाहेर बाकावर बसून होती. मी त्याला क्रेट दाखवला, सगळं समजावून सांगितलं, आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, "दादा, आत किती वजन आहे ते मी सांगणार नाही. तुम्ही फक्त जमेल तेवढं उचला."

पहिले ६ किलो उचलले. मग ८. मग १०. दहा किलोला त्यानं क्रेट फरशीपासून वीतभर उचलला, थांबला, आणि सावकाश खाली ठेवला. "बास मॅडम. जमंना." मी पट्टा बघितला. बसलेला असताना नाडी ७८ होती, आता ८४. पाय होते तिथंच. मानेची शीर नाही. नखं गुलाबी. कमरेवर हातही नेला नाही त्यानं, नुसता क्रेटकडं बघत उभा राहिला. मी पिशव्या बदलून तेच दहा किलो वेगळ्या रचनेत दिले. या वेळी त्यानं मुठीला धरलं, थोडं हलवून बघितलं, आणि सोडून दिलं. पकडीची रेघ सपाट. वॅडेलच्या पाचांपैकी तीन.

मी लिहिलं: "प्रयत्न अपुरा. चाचणीचे निष्कर्ष विश्वासार्ह नाहीत." सही, शिक्का, तारीख.

ते वाक्य चुकीचं नव्हतं. त्यानं पूर्ण जोर लावला नव्हता, हे आजही मी शपथेवर सांगेन. पण कागद माझ्या टेबलावरून उठून पलीकडच्या टेबलावर गेला, की त्याचं मराठीत भाषांतर होतं. "मॅडमनी लिहून दिलंय, सोंग करतोय." पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्याला परत त्याच जागेवर यायला सांगितलं, तो आला नाही, मग नाव कमी झालं. भरपाईच्या अर्जाला माझा कागद जोडला गेला. जी रक्कम ठरली ती घेऊन तो गप्प बसला.

या कागदाला किती वजन असतं ते सांगायला हवं. तेव्हा १९२३ चा कायदा लागू होता, आधी त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत, नंतर कर्मचारी भरपाई कायदा; २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात यादी होती, कुठला अवयव गेला तर किती टक्के. अंगठा गेला तर ३० टक्के. पाठ त्या यादीत नव्हती. पाठीचं, कमरेचं नुकसान झालं की कमाईची ताकद किती टक्के गेली हे डॉक्टरनं ठरवायचं, आणि डॉक्टरच्या हातात आधाराला काय असतं? एमआरआयची फिल्म आणि आमच्यासारख्यांचा कागद. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणतात, अंशतः असेल तर त्यातले गेले तितके टक्के. म्हणजे क्रेटमधल्या एकेका किलोचे पुढं रुपये होतात. त्याच्या संसाराचे. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सुताराच्या प्रकरणात सांगितलं होतं, की डावा हात कोपराच्या वर गेल्यावर सुतारकाम होऊच शकत नाही, म्हणून ते नुकसान शंभर टक्के. त्या निकालानं शरीराकडं कामाच्या बाजूनं बघितलं. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, आमच्या क्षेत्रात प्रत्येकानं वाचावा असा. नुसती कंबर किती वाकते हे मोजून भागत नाही, फेटलिंगच्या टेबलापाशी ती किती वेळ टिकते हे बघावं लागतं.

दीड वर्षानंतर तो पुन्हा आला. स्वतःच्या पैशानं. खांदा दुखत होता, नव्या कामात. एका दुकानात माल लावायचं काम मिळालं होतं. मला त्याचा चेहरा आठवला, नाव आठवलं नाही. त्याला मात्र सगळं आठवत होतं. खांदा दाखवून झाल्यावर त्यानं मागच्या खोलीकडं बघितलं, तिथं क्रेट होता, आणि म्हणाला, "मॅडम, मी तवा खोटं न्हाई वागलो."

मी म्हटलं, "दादा, बसा. काय झालं होतं सांगा."

"त्या खोक्यात किती हाय ते दिसत न्हवतं की."

"मुद्दामच दिसत नाही तसं."

"व्हय, पर कारखान्यात बी त्या दिवशी असंच हुतं."

आणि मग त्यानं सांगितलं. रोजचा पीस बावीस किलोचा. हजारो उचलले असतील, हाताला त्याचं वजन पाठ झालेलं. त्या दिवशी एका पीसमधला कोअर नीट फुटला नव्हता. पोकळी करायला साच्यात वाळूचा कोअर घालतात, ओतकाम झाल्यावर तो झाडून काढायचा असतो, तो आत तसाच घट्ट बसून राहिला होता. बाहेरून पीस रोजच्यासारखाच. त्यानं बावीस किलो समजून हात घातला, झटका दिला, आणि पीस उठलाच नाही. कंबर मात्र उठली.

कळशी उचलताना सगळ्यांनी हे अनुभवलेलं असतं. भरलेली समजून रिकामी कळशी उचलली की हात वर उडतो. कारण हात घालायच्या आधीच शरीरानं हिशेब केलेला असतो, एवढं वजन, एवढा जोर. रिकाम्या कळशीला नुसतं हसू येतं. पण हलकं समजून जड उचललं, तर स्नायू तयार नसतात आणि सगळा भार अवचित कण्यावर येतो. त्याचं तेच झालं होतं. आणि चार महिन्यांनी मी त्याच्यापुढं काय ठेवलं? एक बंद खोका, आत किती आहे ते न सांगता. फुगलेली पिशवी हलकी, बारकी पिशवी जड. माझ्या पिशव्या डोळ्याला फसवायलाच शिवलेल्या होत्या. ज्या गोष्टीनं त्याची कंबर मोडली, तीच गोष्ट मी त्याला पुन्हा करायला लावली, आणि तो थांबला तेव्हा त्याच्या थांबण्याला अपुरा प्रयत्न म्हटलं.

त्या दिवशी दवाखान्यात आणखी पेशंट नव्हते. मी आतून वजनकाटा आणला, पिशव्या बाहेर काढल्या. म्हटलं, "तुम्हीच भरा. काट्यावर घाला, बघा, मग क्रेटमध्ये ठेवा." खांदा दुखत होता, म्हणून फक्त फरशीवरून कमरेपर्यंत, आणि नाडीचा पट्टा लावून. त्यानं एकेक पिशवी काट्यावर ठेवली. प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला, मलाही दाखवला. आठ. दहा. बारा. पंधरा. पंधराला त्यानं तळवे पँटला पुसले, पाय लांब केले, क्रेट पोटाशी घेतला. अठराला खांदे चढले. अठरा किलोवर मानेची शीर उठली, नाडी १२६ झाली, आणि क्रेट टेबलावर ठेवून तो म्हणाला, "आता बास. आता खरंच बास."

बाहेर बाकावर त्याची बायको उभी राहून दारातून बघत होती. तिनं मला विचारलं, "ताई, तवा का न्हाई असं केलं?"

मी तिला काहीच सांगू शकले नाही. दीड वर्ष गेलं होतं आणि अठरा किलोही बावीसपेक्षा कमीच होते. म्हणजे पहिल्या दिवशी नीट विचारलं असतं, तर कागदावर इतकं तरी आलं असतं, की हा माणूस काम करू शकतो, त्याच्या जुन्या टेबलावर नाही, पण करू शकतो. हलकं काम मागता आलं असतं त्याला. दुखण्यानंतर हालचालीचीच भीती बसते, हे आमच्याकडं नवीन नाही. त्यासाठी टॅम्पा स्केल नावाची सतरा प्रश्नांची प्रश्नावली आहे, ती मला तेव्हाही माहीत होती. कपाटात होती. फायलीत मागितली नव्हती, म्हणून मी ती भरून घेतली नव्हती.

खोटं बोलणारे असतात का? असतात. मला ते नाकारायचं नाही, कारण नाकारलं तर उद्या खऱ्या माणसावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. एकजण आला होता, पाच किलोला हात थरथरवत होता, जाताना मात्र बुलेट एका झटक्यात मधल्या स्टँडवर चढवली, मी खिडकीतून बघितलं. थरथरही खोटी वाटली होतीच, खरा थकलेला स्नायू असा एका लयीत थरथरत नाही. दुसरा एक म्हणाला होता, सरळ, "मध्ये एक माणूस हाय, त्यो म्हणला जास्ती उचलू नगा, टक्के कमी पडतील." या माणसानं अंग चोरलं. पण का चोरलं हे त्यानंच सांगितलं, क्रेटनं सांगितलं नव्हतं. आणि क्रेटवर त्याची नाडी ८८ आणि आमच्या फेटलिंगवाल्या दादांची ८४. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर कोण कोणता ओळखता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. जोर पुरा लागला की नाही, हे चाचणी सांगते आणि बऱ्यापैकी नीट सांगते. का लागला नाही, हे ती सांगतच नाही. तिच्याकडून ते वदवून घेणं हा अन्याय आहे, आणि तो नेहमी एकाच बाजूवर होतो, कारण ज्याच्यावर होतो त्याला कागद वाचून दाखवायलासुद्धा कुणी नसतं.

तेव्हापासून मी पद्धत बदलली आहे. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

आधी बोलते. मार कसा लागला हे फायलीतून वाचत नाही, त्याच्या तोंडून ऐकते, हातवारे करून दाखवायला लावते. माणूस दाखवताना कुठं थांबतो, तिथं बरंच असतं. पहिली फेरी उघड्या वजनाची. तो स्वतः काटा बघतो, स्वतः भरतो. दुसरी फेरी झाकलेल्या वजनाची, ती मी सोडलेली नाही, पण आधी सांगून, आणि नको म्हणाला तर नको. दोन फेऱ्यांत मोठा फरक पडला तर त्या फरकाचंच उत्तर शोधायचं असतं. उघड्याला अठरा आणि झाकलेल्याला दहा, म्हणजे काय? घाबरलेल्या माणसाचं हे चित्र असू शकतं, आणि घाबरलेल्या माणसावर उपचार करता येतात. हळूहळू, वजन वाढवत, रोज. बऱ्याच जणांची भीती अशी जाते.

किती दमलात हे विचारायला गुन्नार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाची ६ ते २० अशी मोजपट्टी आहे. आकड्याला दहानं गुणलं की साधारण नाडी येते, असा तिचा अंदाज. दहा वर्षं मी ती इंग्रजी तक्त्यावरून विचारत होते, आणि माणसं मला खूश करायला मधला कुठला तरी आकडा सांगत होती. आता मी विचारते: रंकाळ्याला एक फेरी मारल्यासारखं वाटतंय, का जोतिबाच्या पायऱ्या निम्म्या चढल्यासारखं, का वर पोचून दीपमाळेपाशी टेकल्यासारखं? याला शास्त्राचा शिक्का नाही, म्हणून कागदावर बोर्गचाच आकडा लिहिते. पण पायऱ्या आठवून माणूस खरं सांगतो. परवा मार्केट यार्डातले एक काका म्हणाले, "अजून पायथ्यालाच हाय पोरी, घाल आनि दोन किलो."

आणि कागदावर मी आता "प्रयत्न अपुरा" एवढंच लिहून सही करत नाही. लिहिते: आज या वजनावर थांबले. थांबताना शरीराची मर्यादा गाठल्याच्या खुणा दिसल्या की नाही, कुठल्या दिसल्या, कुठल्या नाही. थांबण्याचं कारण त्यांनी काय सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. आणि एक ओळ ठळक: पूर्ण जोर का लावला नाही, हे या चाचणीवरून ठरवता येत नाही. ही ओळ काढून टाका असं मला दोनदा सांगितलं गेलं. एका ठिकाणाहून त्यानंतर केसेस यायच्या बंद झाल्या. ओळ आहे.

त्या दादांसाठी मी नवीन अहवाल लिहिला, दोन्ही चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून, पहिल्या वेळी माझ्याकडून काय विचारायचं राहिलं हे स्पष्ट लिहून, आणि रजिस्टर पोस्टानं पाठवला. पोचपावती आली. उत्तर आलं नाही. वकिलांना विचारलं, ते म्हणाले, मिटलेलं प्रकरण आहे. एक प्रत दादांना दिली. त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, घडी न करता.

क्रेट तोच आहे. पिशव्या मात्र नव्यानं शिवून घेतल्या, त्या वर्षीच. एका बाजूला अक्षर आहे, पहिल्यासारखं. दुसऱ्या बाजूला किलो, मोठ्या आकड्यात, पांढऱ्या ऑइलपेंटनं.